मोठ्या कॉलेजच्या भिंतीला कान

तीर्थस्वरूप ताईस,

एकटा असूनही तुला आयुष्यभर पुरून उरलेल्या तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून तू रागावली असशीलच, तेव्हा तो राग वाया जाऊ नये म्हणून पत्र चांगलं लांबलचक लिहितो. तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नका असं रोज पन्नास पेशंटना बजावणारी मुख्य नर्स स्वतः दवाखान्याचे तीन मजले दिवसातून आठ वेळा चढते, असं भाऊजींकडून कळलं. भाऊजींनी दाढ काढून घेतली का? घेतली असेल तर माझी सहानुभूती कळव, आणि अजून घेतली नसेल तर घरात नर्स असताना घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही असं सांग. टिल्ली कशी आहे? (ती आता माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली, पण टिल्ली ती टिल्लीच.) माझी तब्येत उत्तम आहे. उजवा कान तर फारच उत्तम. डाव्याबद्दल काही सांगता येत नाही, कारण त्याला गेली पंचवीस वर्षं कुणी काम दिलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. (मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुला माहीत आहे. पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाला सरळ जायची सवय नसते. पाइप वळेल तसं वळावं लागतं.) तू विचारलंस की मी त्या कॉलेजात कामाला गेलोच आहे, तर डोळे उघडे ठेवून खरं खरं सांगावं: अशा मोठ्या कॉलेजात शिकून माणसात काही फरक पडतो, की नुसती पाटी मोठी? टिल्लीला इथेही प्रवेश मिळालाय आणि आपल्या गावच्या कॉलेजातही. फी माफ आहे, त्यामुळे तोही प्रश्न नाही. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. टिल्ली म्हणते आई सांगेल तसं, तू म्हणतेस तिचे बाबा सांगतील तसं, भाऊजी म्हणतात मामाला विचारा. म्हणजे सगळा भार येऊन पडला कुणावर, तर सातवीत दोन वर्षं मुक्काम केलेल्या माणसावर!

आणि ताई, हे तेच कॉलेज आहे. तू पत्रात ते लिहिलं नाहीस, मीही लिहिणार नव्हतो, पण न लिहून ते बदलत थोडंच? छत्तीस वर्षांपूर्वी तुला इथेच गणिताला प्रवेश मिळाला होता. त्याच वर्षी आई गेली. मी अकरा वर्षांचा होतो आणि बाबांना चहासुद्धा करता येत नव्हता. बाबांनी कॉलेजला नकाराचं पत्र लिहिलं आणि तू गावातच नर्सिंगला गेलीस. तेव्हापासून तुझं एक ठरलेलं वाक्य आहे, की कॉलेजने काही होत नाही, माणूस मुळात चांगला लागतो. पुराव्यादाखल तू मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेल्या डॉक्टरांच्या गोष्टी सांगतेस, जे तुला हळूच बाजूला घेऊन विचारतात की सिस्टर, शीर कुठे सापडेल. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर माझा सूर्य उगवण्याइतका विश्वास आहे. तेव्हा इथे येताना मी निकाल घरूनच लिहून आणला होता, आणि तो तुझ्या बाजूने होता.

काम काय होतं ते आधी सांगतो. या कॉलेजातलं रोज दोन टाक्या पाणी कुठेतरी गडप होत होतं. आमच्या खात्याला कळवण्याआधी इथल्या विद्वानांनी स्वतःच शोधायचं ठरवलं. नऊ जणांची समिती नेमली, नकाशे काढले, आकडेमोड केली, आणि शेवटी अशा जागेवर बोट ठेवलं जिथे पाइपच नाही. तिथे खणून पाहिल्यावर त्यांना एक फार जुना कंदील सापडला, आणि त्या कंदिलावर दुसरी समिती बसली. मग मला बोलावलं. माझं हत्यार तुला ठाऊक आहे, ऐकायची काठी: लांब लोखंडी सळई, वरच्या टोकाला लाकडी वाटी. सळई पाइपला टेकवायची, वाटी कानाला लावायची, आणि गप्प बसायचं. पाणी कुठे सुखाने वाहतंय आणि कुठे चोरून निसटतंय ते कान सांगतो. (लहानपणी तू म्हणायचीस की हा एक शब्द ऐकत नाही. बघ, ऐकण्याचाच पगार घेतो.)

पहिल्या दिवशी फाटकातून आत आलो आणि डोक्यावर टोपी नव्हती तरी काढावीशी वाटली. वऱ्हांड्यातल्या दगडी फरश्या मधोमध खोलगट झाल्या आहेत. शंभर-सव्वाशे वर्षं माणसं त्याच वाटेने वर्गात गेली, म्हणून. मला त्या खोलगटावर पाय ठेववेना, मी आपला कडेकडेने चाललो, तर शिपायाने विचारलं की पाय मुरगळलाय का. वाचनालयात कपाटांना शिड्या लावलेल्या आहेत. कुणी बघत नाही असं पाहून मी एक पुस्तक उघडलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत निव्वळ आकडे, आणि एका पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं, ‘किती सुंदर!’ ताई, आकड्यांना सुंदर म्हणणारं माणूस मी आजवर एकच पाहिलंय, आणि ते मला आंघोळ घालताना सतराचा पाढा गुणगुणायचं. मी पुस्तक जिथल्या तिथे ठेवलं आणि बराच वेळ शिडीला धरून उभा राहिलो.

पण म्हणून तुझ्या बाजूचा पुरावा मी गोळा केला नाही असं समजू नकोस. वसतिगृहात एक सुवर्णपदकवाला आहे. त्याच्या न्हाणीघरात गुडघाभर पाणी. मी गेलो तेव्हा तो स्टुलावर उभा राहून वाचत होता. त्याने माझी तीन भाषांत क्षमा मागितली, पण तोटी कुठल्या बाजूला फिरवली की नळ बंद होतो ते त्याला एकाही भाषेत येत नव्हतं. प्राचार्यांचं म्हणशील, तर त्यांच्या खोलीत पाणी शिरलं होतं, बूट चपचप करत होते, आणि त्या अवस्थेत त्यांनी मला चाळीस मिनिटं कॉलेजच्या उज्ज्वल भविष्याबद्दल सांगितलं. (मी मान डोलावत होतो. त्यांना वाटलं पटतंय. मी काठीने त्यांच्या पायाखालचा पाइप ऐकत होतो.) हे सगळं मी खुशीने टिपून ठेवलं. म्हटलं, ताई हे वाचून पोट धरून हसेल आणि टिल्लीला गावच्या कॉलेजात घालेल. तिथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. घात केला तो एका थेंबाने.

झालं असं. मुख्य इमारतीच्या तळघरात, पदार्थविज्ञानाच्या वर्गाच्या बरोबर खाली, मी एक सांधा खोलून काठी लावून बसलो होतो. वर वर्ग सुरू झाला. वर्गात शिकवणाऱ्या बाईंच्या टेबलाला हात धुवायचं बेसिन आहे, त्याचा पाइप माझ्या नाकासमोर उघडा. त्यामुळे वरचं अक्षर न् अक्षर खाली येत होतं. मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय, आपलं काम बरं. पण बाई बोलत होत्या पाण्याच्या थेंबाबद्दल! एक थेंब, ताई. त्यावर एक तास. मी पंचवीस वर्षांत लाखभर तरी थेंब पाहिले असतील. लटकणारे, लोंबकळणारे, आता पडतो मग पडतो करणारे. पण हा गडी गोलच का असतो, हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नाही. बाई नुसत्या विचारत होत्या. गोलच का? चौकोनी का नाही? नळाच्या तोंडाशी तो क्षणभर थांबतो तो कशासाठी? कोण धरतं त्याला? आणि वर साठ पोरं अशी चिडीचूप, की मला वाटलं वर्ग सुटला. मला काही राहवलं नाही. मी खालून मोठ्याने म्हणालो, अहो, स्वतःच स्वतःला आवळून धरतो तो, पडायची भीती असते त्याला!

वरून बाईंचा आवाज आला, “बरोबर. कोण बोललं?”

आता साठ पोरं बेसिनकडे बघतायत, असं मला नंतर कळलं. मी मात्र तळघरात तोंडात बोळा कोंबून बसलो. त्यानंतर जे घडलं ते फक्त अशाच कॉलेजात घडू शकतं. तुझ्या दवाखान्यात बेसिन बोललं असतं, तर आयाबाईंनी खाली वाकून पाहिलं असतं आणि विषय मिटला असता. इथे तीन दिवस चर्चा चालली. एका गटाचं म्हणणं, हा प्रतिध्वनी, पण मागच्या वर्षीचा. दुसऱ्या गटाने बेसिनशी वेगवेगळ्या उंचीवरून बोलून आलेल्या उत्तरांचा तक्ता केला. (मी त्यांना मदत व्हावी म्हणून मधूनमधून हुंकार देत होतो. तक्ता त्यामुळे फार बिघडला.) एका मुलीने तर सिद्ध केलं की असा आवाज येणं शक्यच नाही, आणि तिच्या सिद्धतेत कुणालाही चूक सापडली नाही. पण जिना उतरून तळघरात डोकावावं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. चौथ्या दिवशी झाडू मारणाऱ्या मावशींनी जाता जाता सांगितलं की खाली पाण्याच्या ऑफिसचा एक माणूस बसलेला असतो, बोलका आहे. तेव्हा कुठे उलगडा झाला.

हे लिहिताना मला हसू येतंय, आणि तुलाही आलं असेल. पण पुढचं ऐक, कारण त्यावर मला हसता आलेलं नाही. त्या चौथ्या दिवशी वर्ग सुटल्यावर बाई स्वतः खाली आल्या. पांढरे केस, चष्मा कपाळावर. मला वाटलं झाली आता तक्रार, साहेबांपर्यंत जाणार. त्यांनी एक बादली उलटी केली, तिच्यावर बसल्या आणि काठीकडे बोट दाखवून म्हणाल्या, मला शिकवाल का? मी वाटी त्यांच्या कानाला लावली. पुरी वीस मिनिटं त्या ऐकत बसल्या. डोळे मिटून, ओठ थोडे उघडे, शाळेतली मुलगी बसावी तशा. मग मला जरा चेव आला. मी म्हटलं, बाई, एक विचारू? जुनी गळती आणि नवी गळती, भोक तेवढंच, पाणी तेवढंच, तरी मला आवाजावरून कळतं कुठली जुनी. असं का? बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, “मला माहीत नाही.” आणि ताई, हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका उजळला, की जणू मी त्यांना भेटवस्तूच दिली.

मी आयुष्यात कुणाला ‘मला माहीत नाही’ असं आनंदाने म्हणताना ऐकलेलं नाही. आमच्या ऑफिसात ते वाक्य बंदच आहे. साहेबांना माहीत नसलं की ते फाइल मागवतात, हेडक्लार्कला माहीत नसलं की तो आजारी पडतो, आणि मला माहीत नसलं की मी काठी कानाला लावून गंभीर चेहरा करतो. बाबांना माहीत नसलं की ते ओरडायचे, हे तुला काय सांगायचं. इथे मात्र दुसऱ्या दिवशी बाईंनी भर वर्गात सांगितलं की खालच्या पाणीवाल्यांनी मला एक प्रश्न विचारलाय, मला उत्तर येत नाही, तुम्हाला काय वाटतं? आणि साठ जणांना आळीपाळीने विचारलं. त्यात एक मुलगी आहे, लहानशा गावची असावी, पहिल्या दिवशी तिचा आवाज पाइपातून नीट खालीसुद्धा येत नव्हता. बाई तिला म्हणाल्या, घाई नाही, आम्ही थांबतो. आणि थांबले, ताई! सगळे थांबले! मीही खाली श्वास धरून थांबलो. ती बोलली. काय बोलली ते मला कळलं नाही, पण परवा तीच मुलगी बाईंना म्हणाली की तुमचं चुकतंय, आणि बाई म्हणाल्या, दाखव.

तेव्हा घरून लिहून आणलेला निकाल मी फाडला. तुला खोटं सांगणार नाही. फरक पडतो. सगळ्यांना पडत नाही. सुवर्णपदकवाला अजून स्टुलावरच उभा असेल, आणि गावच्या कॉलेजातही एखाद्या बाई अशा असतील, देव करो आणि असोत. पदवीने नाही पडत, फरश्यांनी नाही पडत. पण आपण बोलेपर्यंत कुणीतरी थांबलंय, हे ज्या माणसाला सतराव्या वर्षी अनुभवायला मिळतं त्याच्यात फरक पडतो. मला सत्तेचाळिसाव्या वर्षी अकरा दिवसांत पडला. मी आता नळाखाली हात धरला की आधी थेंबाकडे बघतो, आणि मग हात धुतो. आणि हे कळल्याबरोबर मला पहिल्यांदा आनंद झाला, नंतर तुझी आठवण आली, आणि मग इतकं वाईट वाटलं की मी डबा न खाता परत आणला. तू जे झालीस ते कॉलेजशिवाय झालीस, अख्खा दवाखाना तुझ्या शब्दावर चालतो, ते मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. पण तू इथे आली असतीस, तर काय झाली असतीस? मला माहीत नाही. हे वाक्य बाईंसारखं उजळ चेहऱ्याने म्हणायला मला अजून जमत नाही.

आता शेवटची एक गोष्ट, आणि ती मी जशी घडली तशी सांगतो, कारण तिच्यात मीठमिरची घालायला मला धीर नाही. इथल्या कार्यालयात एक म्हातारे कारकून आहेत. सगळे त्यांना हजेरीकाका म्हणतात. नव्या मुलांच्या पहिल्या दिवशी मोठ्या सभागृहात सगळ्यांची नावं मोठ्याने वाचायची, आणि एकही नाव चुकीचं उच्चारायचं नाही, अशी इथली जुनी रीत आहे. त्यासाठी काका महिनाभर आधी दार लावून तालीम करतात. अडलं तर त्या मुलाच्या घरी फोन करून विचारतात की नाव नक्की कसं म्हणता. काल मी त्यांच्या कपाटामागचा पाइप ऐकत होतो, हातात चहाचा कप होता, आणि काकांनी यादीचं पहिलं नाव वाचलं. ते तुझं होतं. माहेरचं, बाबांच्या नावासकट, आपल्या आडनावासकट. आपलं आडनाव जन्मात कुणी धड उच्चारलेलं नाही. माझ्याच पगारपत्रकावर ते तीन वर्षांत तीन तऱ्हांनी आलंय. काकांनी ते बाबांसारखं म्हटलं. सगळा चहा माझ्या चपलेवर सांडला.

मी विचारलं, काका, हे नाव कुणाचं? ते म्हणाले, गणिताला प्रवेश मिळालेल्या एक बाई आहेत, छत्तीस वर्षं झाली, अजून आलेल्या नाहीत. मी म्हटलं, मग अजून वाचता कशाला? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विचित्र बोललो. म्हणाले, “अहो, नकार कुठे आलाय? नाही म्हटलेलं नाही, म्हणजे यायच्या असतील.” त्यांनी वही दाखवली. तुझ्या नावापुढे दरवर्षीचा एकच शेरा आहे, आधी त्यांच्या आधीच्या कारकुनांच्या अक्षरात आणि मग त्यांच्या: ‘वाटेत’. छत्तीस वेळा. अशी चार नावं आहेत. मागे एक गृहस्थ अकरा वर्षांनी आले, सामान दाराशी ठेवलं, हजर म्हणाले आणि वर्गात जाऊन बसले. आणखी एकाच्या घरून तो वारल्याचं पत्र आलं, तेव्हा काकांनी उभं राहून ते नाव खोडलं. या चारांतलं प्रत्येक नाव वाचलं की सभागृह थोडं थांबतं. ताई, तू तिकडे माझे डबे भरत होतीस, माझ्या शाळेत येऊन मास्तरांची बोलणी खात होतीस, टिल्लीच्या वेळी पोट घेऊन ड्यूटी करत होतीस, आणि इथे दरवर्षी अख्खं सभागृह तुझ्यासाठी थांबत होतं. मी वही काकांच्या हातात परत दिली आणि काठी उचलली.

असो. भाऊजींना नमस्कार, टिल्लीच्या डोक्यावर माझ्या वतीने एक टपली (उडी मारून). तू स्वतःचे गुडघे जप, आणि हे पत्र दवाखान्यात वाचू नकोस.

तुझा,
गळक्या
(नाव तूच ठेवलंस. तेव्हा नाक गळायचं म्हणून. पुढे त्याचाच धंदा होईल हे कुणाला ठाऊक होतं!)

ता. क. – एक कबुली. गळती मला पहिल्याच दिवशी पंधरा मिनिटांत सापडली होती. पाण्याची काळजी करू नकोस, त्याच दिवशी दुरुस्त केली, त्यानंतर एक थेंबही वाया गेलेला नाही. ऑफिसला मात्र मी ‘प्रकरण गुंतागुंतीचं आहे’ असं कळवलंय आणि रोज तळघरात जाऊन बसतो. साहेबांना दया येऊन त्यांनी परवा मदतीला दुसरा माणूस पाठवला. मी त्याला खरं सांगून टाकलं. तो आता इतिहासाच्या वर्गाखाली बसतो, आणि घरी जायला तयार नसतो.

ता. क. २ – टिल्लीबद्दल मी वर जे लिहिलं ते सगळं विसरून जा. म्हणजे विसरू नकोस, पण तिला सांगू नकोस. तू, भाऊजी आणि मी, तिघांनी हा प्रश्न एकमेकांकडे ढकलला, आणि जिला जायचंय तिला काय वाटतं हे कुणी विचारलंच नाही. तिला विचार. आणि विचारल्यावर थांब. ती लगेच बोलणार नाही.

ता. क. ३ – आता ज्याच्यासाठी हे पत्र नऊ दिवस अडलं ते लिहितो. काकांच्या वहीत नकार नाही, कारण तो पोचलाच नाही. बाबांनी ते पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं होतं. पाकिटावरचं तिकीट फार सुरेख होतं, निळं, त्यावर जहाज. मी ते वाफेवर सोडवलं आणि शेजारच्या पोराला देऊन त्याच्याकडून पक्ष्यांची दोन वापरलेली तिकिटं घेतली. बिनतिकिटाचं पत्र पेटीत टाकायची भीती वाटली, आणि बाबांना सांगायची त्याहून जास्त, म्हणून पत्र दप्तराच्या अस्तरात घातलं. नंतर ते बाहेर काढायचा धीर झाला नाही, फाडायचाही झाला नाही, आणि दर वर्षी तो कमीच होत गेला. तुझं पत्र आल्यापासून ते रोज खिशात घालून कॉलेजात नेतो आणि परत आणतो. आज सोबत पाठवतोय. पाकीट अजून बंद आहे. बाबांचं अक्षर आहे, जरा जपून हाताळ.

नव्या मुलांची हजेरी सोमवारी साडेदहाला. तुझं नाव पहिलं. काय करायचं ते मी सांगणार नाही. तेव्हा सगळ्यांनी तुला सांगितलं होतं, विचारलं कुणीच नव्हतं. म्हणून माझ्या पाकिटात एक नवं कोरं तिकीट वेगळं घातलंय. तुला खरंच नाही म्हणायचं असेल, तर ते लाव आणि बाबांचं पत्र पेटीत टाक. पण टाकायचं झालं तर तू स्वतः जाऊन टाक. माझ्याकडे देऊ नकोस. माझ्या हातून ते अजूनही पडायचं नाही.